बांधीत पडलेले दात

हेमराज बांधीच्या बांधावर, धुऱ्यावर आला तेव्हा चमेलीचे दोन्ही हात चिखलाने भरलेले होते.

बांधी, ते धानाचे खाचर, हेमराजच्या बापाची, मनिरामची होती. बाया ओळीने वाकून रोवणा, धानाची लावणी, करत होत्या आणि मनिरामची बायको पुष्पाबाई धुऱ्यावर उभी राहून पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या त्यांच्यापुढे फेकत होती. पाऊस थांबला होता. बोडीतले, गावच्या लहान तळ्यातले, पाणी अर्ध्यावर आले होते आणि बोडीटोल्यात जो तो, चिखल ओला आहे तोवर रोपे खोचून मोकळे व्हायच्या घाईत होता. चमेलीची स्वतःची बांधी अजून बाकी होती. तिचा नवरा जंगलू हा मनिरामचा पुतण्या. बोडीचे पाणी मनिरामच्या बांधीतून उतरून जंगलूच्या बांधीत जायचे. म्हणून दर साली काकाचा रोवणा आधी, पुतण्याचा मागून, आणि दोन्हीकडे हात त्याच बायांचे.

हेमराजने पांढरा शर्ट घातला होता. त्याच्या मागून एक पाहुणा बूट जपत येत होता. गोंदियाच्या एका राइस मिलसाठी धान घेणारा, हिमांशू नावाचा. या साली गावातले धान हेमराजमार्फत उचलायचे असे त्यांचे चालले होते.

मंदाबाईने कंबर सरळ केली. टोळीत ती सगळ्यांत मोठी. "चमेली, तुहा देर येऊन राह्यला वो. कोरा करकरीत हाय. सोडतेस काय?"

बाया हसल्या. रोवण्यात धुऱ्यावरून जाणाऱ्याला चिखल लावायचा आणि त्याच्याकडून चहा-चिवडा उकळायचा, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते. दीर तर हक्काचा. मागच्या साली चमेलीनेच हेमराजच्या पाठीवर पंजा उमटवला होता आणि त्याने अख्ख्या टोळीला भजी चारली होती.

चमेली धुऱ्यावर चढली. "भावजी, गोंदियाचा पाहुणा आनला. आमाले काय आनलं?" म्हणाली आणि त्याच्या गालापासून शर्टाच्या कॉलरपर्यंत हात फिरवला.

पाहुणा मोठ्याने हसला. "वा हेमराजभाई, फेशियल हो गया तुम्हारा!"

हेमराजने बुक्की मारली. एकच, खालून वर, हनुवटीच्या बाजूला. चमेली गरकन फिरली आणि धुऱ्यावरून बांधीत तोंडावर पडली.

"पाहुन्यासमोर चिखल लावते?" हेमराज म्हणाला. "मले?"

 पाहुण्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघू लागला. हेमराज शर्टाची कॉलर बोटांनी पुसत पुढे गेला. पाहुणा त्याच्या मागे गेला.

बायांनी चमेलीला उठवले. चिखलातून रक्त येत होते. मंदाबाईने ओंजळीने तिचे तोंड धुतले. खालचे दोन दात नव्हते. मंदाबाईने कमरेची गुडाखूची, दातांना घासायच्या तंबाखूची, डबी काढली, काळा लगदा बोटावर घेतला आणि त्या जागी दाबून भरला. दात दुखला की तिथल्या बाया हेच करतात. गुडाखूने जागा बधिर होते.

"दाबून धर. थुकू नोको. दरद मरते यानं."

पुष्पाबाई धुऱ्यावरून उतरली नव्हती. हातातली जुडी तशीच होती. "तिले घरी नेऊन द्या कोनी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाकीच्यायनं हात चालवा. पऱ्हे सुकून राह्यले उन्हात."

एक पोरगी चमेलीला घेऊन गेली. ओळ पुन्हा वाकली. जिथे चमेली पडली होती तिथेही रोपे लागली.

जंगलू आपल्या बांधीत बैल घेऊन चिखल करत होता. बायको समोर आली तेव्हा तिची साडी पाहून त्याला आधी वाटले, बैलाने मारले. मग त्याने जू सोडले, बैल तसेच उभे ठेवले, आणि शेजाऱ्याची मोटरसायकल मागून तिला ठाण्यात नेले.

ठाण्यात ओमेश जमादार होता. पन्नाशीचा, नीट ऐकून घेणारा. त्याने चमेलीला बाकावर बसवले.

"कोणी मारलं?"

"हेमराजनं," चमेली म्हणाली. तोंड पुरते उघडत नव्हते. बोलताना काळी लाळ गळत होती.

"कशानं?"

तिने मूठ दाखवली.

"कायले मारलं?"

"चिखल लावला व्हता, साहेब," जंगलू म्हणाला. "रोवन्यातला."

"म्हणजे आधी हात तिनं लावला."

"तो खेळ होय ना, साहेब. सगळेच लावतात."

"मले माहीत आहे. मी तुमसरकडचा आहे, आमच्याकडंही लावतात. पण कोर्टात तो म्हणेल, पाहुण्यासमोर अपमान केला, डोकं फिरलं." जमादाराने पेनचे टोपण काढले. "आधी दवाखान्यात जा. डॉक्टर काय लिहितो त्यावर आहे सगळं. नुसती मारहाण असली तर एनसी होते, अदखलपात्र नोंद. मी त्याले बोलावून दम देऊ शकतो, धरू नाही शकत. हाड मोडलं, दात तुटला, तर ती गंभीर दुखापत. मग गुन्हा दाखल होतो, सात वर्षांपर्यंत सजा आहे. समजलं?"

"दात गेले ना साहेब. दोन."

"मले नको दाखवू. डॉक्टरले दाखव."

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने टॉर्च पाडला आणि तोंड वेडेवाकडे केले. "हे काय भरलं आहे?"

"गुडाखू."

"रोज घासते?"

चमेलीने मान हलवली. टोळीतल्या सगळ्याच घासत.

डॉक्टरने कापसाने जागा पुसली. जितके पुसले तितके काळे निघत राहिले. हिरड्यांतून रक्त येत होते. जखमेतले कुठले आणि जुने कुठले हे दिसत नव्हते. "मोठं तोंड उघड." तिने प्रयत्न केला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "एक्स-रे लागेल. इथला माणूस सुट्टीवर आहे. गोंदियाला घेऊन जा." त्याने लिहून दिले.

जंगलूने बाहेर येऊन आभाळ पाहिले. गोंदियाची गाडी गेली होती. घरी बैल चिखलात उभे होते. "दात पडले हे त्याले दिसलं ना," तो चमेलीला म्हणाला. "आनखी काय पायजे?"

ती ओठांवर पदर दाबून मोटरसायकलवर बसली.

जमादाराने डॉक्टरचा कागद वाचला. "खालचे दोन दात नाहीत. हिरड्या जुनाट खराब, तंबाखूनं दात आधीच सैल असू शकतात, मारामुळंच पडले असं ठाम सांगता येत नाही." त्याने कागद खाली ठेवला. "एक्स-रे केला?"

"रोवना तोंडावर हाय, साहेब."

"मग आज एनसी घेतो." तो लिहू लागला. लिहिता लिहिता म्हणाला, "पडलेले दात आहेत कुठं?"

"बांधीत."

"सापडले तर आणून दे. मुळासकट निघाला का मधून मोडला, ते दातावरून सांगता येते. मोडलेला असला तर मग गुडाखूचं काही चालत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलू बांबूची टोपली घेऊन काकाच्या बांधीवर गेला. रोवणा होऊन गेला होता. रोपे पाण्यात तिरपी उभी होती. तो धुऱ्यावर चप्पल काढून आत उतरला, रोपांच्या दोन ओळींमध्ये उकिडवा बसला आणि चिखल ओंजळीने टोपलीत घेऊन पाण्यात हलवू लागला. चिखल वाहून जायचा, तळाशी खडे आणि गोगलगायींची टरफले उरायची. तो एक एक उचलून उन्हात धरायचा.

बाया काकाच्याच पलीकडच्या बांधीत होत्या. रोवता रोवता त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग एकीला राहवले नाही.

"जंगलूभाऊ, दात पेरले काय गा? उगवले की सांगजो, कापाले येतो आमी."

हसू फुटले. मंदाबाईने त्या बाईच्या पाठीत कोपर मारले, पण हसू आवरायला तिलाही मान वळवावी लागली.

मनिराम धुऱ्यावरून आला. म्हातारा, उंच, डोक्याला पंचा. "काय शोधून राह्यलास?"

"दात."

"कोनाचे?"

जंगलू टोपली हलवत राहिला.

"एक बी रोप हाललं तर पाह्यजो," मनिराम म्हणाला. "दहा साल झाले, तुही बायको गुडाखू घासून राह्यली. तिचे दात हालून राह्यलते, हे आख्ख्या टोल्याले ठावं हाय. हेमराजनं हात लावला, नाइ म्हनत नाइ मी. पन दात त्यानं नाइ पाडले. बांधीत पडली, आपटली."

"काका, बांधीत चिखल हाय. चिखलात आपटून दात पडते काय?"

"मले कायद्याचं नोको सांगू."

जंगलू पुन्हा खाली वाकला. ऊन चढले, पाठ भाजू लागली. त्याने चमेली पडली ती जागा, मग तिच्या भोवतीची, मग पाण्याच्या उताराने पुढची जागा चाळली. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या. एकदा पांढरे काहीतरी हाताला लागले आणि त्याने ते घाईने पाण्यात धुतले. ते शिंपल्याचे तुकडे होते. मनिराम धुऱ्यावर बसून राहिला. तो हाललेले रोप दिसले की काठी पुढे करून दाखवायचा, आणि जंगलू ते पुन्हा दाबून बसवायचा. शेवटी जंगलूने रिकामी टोपली धुतली आणि घरी आला.

चमेली चुलीसमोर बसली होती. तिने भाताची पेज केली होती आणि ती वाटीने तोंडात ओतत होती. अर्धी पेज हनुवटीवरून खाली येत होती. गालाची एक बाजू कानापर्यंत फुगली होती.

"सापडले?" तिने दातांवर दात ठेवून विचारले.

"नाइ."

"काकी काय म्हनली?"

"काकी नोहती. काका व्हता."

"काय म्हनला?"

"काइ नाइ."

नंतरचे दोन-तीन दिवस तो आपल्या बांधीत चिखल करत राहिला. चमेली झोपून होती. अंग तापले होते. जंगलूने मेडिकलमधून दातदुखीच्या गोळ्या आणल्या. त्या कुटून पेजेत घालून दिल्या. पऱ्हे वाढत चालले होते. टोळीला बोलवायचे तर मनिरामच्या बांधीतून पाणी यायला हवे, आणि पाणी कमी येऊ लागले होते.

मंदाबाई संध्याकाळी आली. दारातच थांबली, मग आत येऊन चमेलीजवळ बसली. तिने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्याने जबड्याच्या कडेने हळूच दाबत गेली. एका जागी चमेली किंचाळली. तोंड बंदच होते, किंकाळी नाकातून आली.

"हे दाताचं नोहय," मंदाबाई म्हणाली. "हाड सरकलं हाय, माय. जंगलू, कायले वाट पाहून राह्यलास तू?"

"पोलिसानं दात मांगलते."

"दात गेले चुलीत. हिले गोंदियाले ने."

सकाळच्या गाडीने ते निघाले. रस्त्यात खड्डा आला की चमेली समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरायची. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात गर्दी होती. एक्स-रे निघाला. तरुण डॉक्टरीणबाईने तो उजेडाला धरला आणि जंगलूला जवळ बोलावले.

"ये देखो. ही रेघ दिसते? जबडा मोडला आहे. कधी लागलं?"

जंगलूने सांगितले.

"आणि आज आणता? त्याच दिवशी आणायला काय झालं होतं?"

"रोवना व्हता," जंगलू म्हणाला. त्याच्या कानाला ते वाईट लागले. तो पुढे म्हणाला, "दात शोधून राह्यलो होतो."

डॉक्टरीणबाईने एकदा त्याच्याकडे पाहिले. चमेलीला ठेवून घेतले. वरचे दात आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधले; जबडा हलता कामा नये म्हणून. कित्येक आठवडे फक्त पातळ प्यायचे, वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही. पोलिसांना कागद इथून जाईल, असेही तिने सांगितले. मारामुळे झालेले फ्रॅक्चर असे तिने लिहिले होते.

चमेली वॉर्डात असताना जंगलू पत्ता विचारत त्या राइस मिलपर्यंत गेला. हिमांशू गेटवर ट्रक मोजत होता. जंगलूने आपण त्या बाईचा नवरा असे सांगितले. हिमांशूला आधी आठवले, मग त्याने आठवत नसल्यासारखे केले.

"भाई, तुमीच व्हते ना तिथं. तुमी हासले म्हनते बाया. बुक्की पाह्यली ना तुमी?"

"मैं तो फोन पे था. मैंने कुछ देखा ही नहीं."

"फोन मागून काढला तुमी."

"देखो, मेरा वहाँ धंदा है. मुझे कोर्ट-कचेरी में मत घसीटो." त्याने खिशात हात घातला आणि एक नोट पुढे केली. "भाभी के लिए फल ले जाना."

जंगलू नोटेकडे बघत उभा राहिला. मग वळून चालू लागला. ऑटोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा त्याला कळले की तो रस्त्याच्या मधून चालला आहे.

ते परत आले तेव्हा हेमराज गावात नव्हता. नवेगावबांधला सासरी गेला, असे लोक म्हणत होते. जंगलू घरात न जाता आधी बांधीवर गेला. वरच्या धुऱ्यातले पाण्याचे तोंड मातीने बुजवलेले होते. त्याच्या बांधीतला चिखल वरून सुकला होता आणि त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. पऱ्ह्यांची पाने टोकाला पिवळी पडत होती. आणखी चार दिवस गेले तर ती रोवून उपयोग नव्हता. गुडघ्याएवढे रोप जगते, पण त्याला फुटवे येत नाहीत.

संध्याकाळी मनिराम आणि पुष्पाबाई आले. मनिराम अंगणात खाटेवर बसला. पुष्पाबाई जमिनीवर बसली. चमेली आत होती. दार उघडे होते.

"जमादाराचा फोन आलता," मनिराम म्हणाला. "कागद आला म्हनते. आता गुन्हा होते म्हनते. उद्या येऊन तो बयान घेनार हाय, चमेलीचं."

जंगलू खाटेच्या पायाशी उकिडवा बसला.

"घसरली म्हन," मनिराम म्हणाला. "चिखल लावून खाली पळाली, धुऱ्यावरून घसरली, बैल बांधायच्या दगडावर तोंड आपटलं. हेमराजचा धक्का लागला असंल. पन मारलं नाइ."

"तिथं दगड नाइ, काका."

"असंल ना गा. कोन पाहाले जाते? आता रोवना झाला." त्याने घसा साफ केला. "धुऱ्याचं बुजवलेलं तोंड मी आताच फोडतो. पानी रात्री तुह्या बांधीत. बाया उद्या सकारी तुह्याच इथं. मंदाबाईले बोललो मी."

पुष्पाबाई इतका वेळ बोटाने जमिनीवर रेघा ओढत होती. "सात साल म्हनते, जंगलू," ती म्हणाली. "लहानपनी तुह्याच खांद्यावर बसून बोडीवर जात होता तो. सात साल अंदर गेला तर मी पाहाले उरन काय?" ती रडू लागली. रडताना तिने दाराकडे पाहिले. "चमेलीले म्हन, मी पाया पडते तिच्या. मी त्या दिवशी खाली नाइ उतरली. मले उतराले पायजे व्हतं."



"बरं," जंगलू म्हणाला.

रात्री पाणी आले. मनिरामच्या धुऱ्यातून बांधीत उतरणारा त्याचा आवाज घरात ऐकू येत होता. चमेली खाटेवर उठून बसली आणि ऐकू लागली. मग तिने जंगलूचा हात धरला.

"काय बोललास तू?" तारांमागून शब्द चपटे होऊन येत होते, पण समजत होते.

"पऱ्हे पाह्य," तो म्हणाला. "पऱ्हे पाहून बोललो. सालभर काय खाशील?"

"मी खाऊ?" ती म्हणाली. तिने बोटाने तारा दाखवल्या. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी बाया आल्या. जंगलूची बांधी घराच्या मागेच होती, परसातून सगळी दिसायची. मंदाबाईने पहिली जुडी सोडली आणि ओळ मागे मागे सरकू लागली. गाणे कोणी म्हणत नव्हते. तरी हात भराभर चालत होते, आणि ऊन तापेपर्यंत बांधीचा निम्मा भाग हिरवा झाला.

ओमेश जमादार मोटरसायकल लावून परसात आला. मनिराम त्याच्याआधीच येऊन बसला होता. चहा झाला. जमादाराने मांडीवर पाटी घेतली, त्यावर कागद लावला.

"बाई, गोंदियाचा कागद आला आहे. जबडा मोडला, हे पक्कं आहे. आता ते कसं मोडलं एवढं तुम्ही सांगा. एनसीत हेमराजचं नाव दिलं होतं. हे काका म्हणतात, ते रागात दिलं."

"घसरली, साहेब," जंगलू म्हणाला. तो जमादाराच्या बुटाकडे बघून बोलत होता. "धुऱ्यावरून. खाली दगड व्हता."

"तुले नाही विचारलं."

"तिले बोलता येत नाइ."

"येईल तितकं बोलू दे."

चमेली दारात उभी होती. ती पुढे आली आणि जमादाराच्या समोर खाली बसली. तिने पदराने हनुवटी पुसली.

"हेमराजनं," ती म्हणाली. ओठ हलले, दात हलले नाहीत. "बुक्की मारलन. दगड नाइ तिथं. मी घसरली नाइ."

तारांमधून लाळ आली. तिने पुन्हा पदर लावला.

जमादाराचे पेन कागदावर होते. तो लिहीत नव्हता. त्याने चमेलीकडे पाहिले, मनिरामकडे पाहिले, आणि मग जंगलूकडे. जमादाराच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते.

"तुले हिचं बोलणं समजते, रोजचं आहे," तो म्हणाला. "काय म्हणली ते सांग. मी लिहितो."

"सांग ना गा," मनिराम म्हणाला. "घसरली म्हनली ना?"

बांधीत मंदाबाईने हातातली जुडी संपवली आणि दुसरीसाठी मागे वळली. कोरड्या बाजूला अजून किती जुड्या पडल्या होत्या, ते जंगलूला तिथून दिसत होते. आज ऊन उतरेपर्यंत सगळे झाले असते. चमेली त्याच्याकडे बघत नव्हती. ती पदराचे ओले टोक पिळत होती.

"हेमराजनं बुक्की मारलन म्हनते," जंगलू म्हणाला. "दगड नाइ म्हनते. घसरली नाइ म्हनते."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी नोहतो तिथं, साहेब. ती व्हती."

जमादार लिहू लागला.

मनिरामने कप खाली ठेवला. तो उठला, पंचा खांद्यावर टाकला आणि परसातून बांधीकडे गेला. धुऱ्यावर उभे राहून त्याने काय सांगितले ते इथे ऐकू आले नाही. एक बाई सरळ झाली, मग दुसरी. एकीने हातातली रोपे खोचून पुरी केली आणि मग वर आली. पाटाच्या पाण्यात पाय धुऊन त्या ओळीने गेल्या. मंदाबाई सगळ्यांच्या मागे होती. ती परसाकडे न बघता गेली. मनिरामने फावडे घेतले आणि वरच्या धुऱ्याच्या तोंडात माती टाकली. पहिल्या फावड्यातच पाण्याचा आवाज बंद झाला.

जमादाराने बयान वाचून दाखवले. चमेलीने सही केली. नाव लिहिताना तिला वेळ लागला. "त्याले आणतो मी," जमादार जाताना म्हणाला. "जामीन होईल त्याले, सांगून ठेवतो. केस चालेल." त्याने बांधीकडे पाहिले, मोटरसायकलला किक मारली आणि गेला.

चमेलीने साडीचा काष्टा खोचला.

"डॉक्टरीणबाईनं वाकाले नाइ सांगलन," जंगलू म्हणाला.

ती बांधीत उतरली. वाकली तशी सगळी वेदना जबड्यात उतरली. ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून थांबली, नाकाने श्वास घेतला आणि मग पहिले रोप खोचले. जंगलू जुड्या तिच्याजवळ फेकत होता आणि दुसऱ्या बाजूने स्वतः रोवत होता. त्याला बायांसारखे जमत नव्हते. त्याची ओळ वाकडी जायची. चमेली अधूनमधून उभी राहायची आणि तोंड वर करून गिळायची. ती उभी राहिली की तोही थांबायचा.

"बस थोडी."

ती नाही म्हणून हात हलवायची.

ऊन उतरले तेव्हा दोघांच्या हातून एक कोपरा झाला होता. उरलेल्या जुड्या गोळा करून त्यांनी सावलीला ठेवल्या आणि वर ओले पोते टाकले. बांधीतले पाणी जमिनीत मुरले होते. चमेली न रोवलेल्या बाजूला गेली, खाली बसली आणि चिखलात बोट खोचून पाहिले. बोट निम्म्यावर अडले; खाली चिखल कडक होऊ लागला होता.